आजार रेड्याला, औषध पखालीला : एका जुन्या पिकअपचं चुकलेलं निदान

(रत्नागिरीतल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. वक्त्यांच्या बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी आयुष्यभर डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज मिरजोळे एमआयडीसीपासून मस्कतपर्यंत पाना चालवतात. त्यामुळे आयोजकांना वाटलं, सर गाडी कशी दुरुस्त करायची ते सांगतील. मी सांगणार आहे ते थोडं उलटं आहे. एका गाडीचं निदान मी कसं चुकलो, त्या चुकीपायी एका घराचे ऐंशी हजारांच्या वर रुपये कसे गेले, आणि शेवटी दुखणं कशात निघालं, ही आजची गोष्ट. गोष्ट साधारण पंधरा वर्षांपूर्वीची आहे. गाडीमालकांना विचारूनच सांगतोय, त्यांचं नाव मात्र घेणार नाही.

आधी गाडीबद्दल दोन शब्द.

आपल्याकडे अशा गाड्या का टिकून आहेत, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. बागा सड्यावर. तिथे जायची वाट म्हणजे कातळावरून गेलेली गाडीवाट, नाहीतर पाणंद. चिरेखाणीची वाट तर त्याहून वाईट. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात लाल चिखल. तिथे फोर बाय फोरच लागते. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपच्या पोटची ही सगळी मंडळी. पत्र्याच्या पाट्यांची स्प्रिंग, पुढच्या चाकांना जोर द्यायचा वेगळा दांडा, आणि मागे माणसं बसवायच्या ऐवजी हौदा. पुढे डिझेल इंजिनं आली आणि या गाड्या कोकणात शेतकऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या. आमची पेशंट अशीच एक. वय पंचवीसच्या आसपास, फोर बाय फोर, टर्बो वगैरे काही नाही, साधं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन.

मालक पावसच्या बाजूचे. बाग स्वतःची, आणि हंगामात शेजाऱ्यांच्या पेट्याही घ्यायचे. मार्च ते मे कोल्हापूरला फेऱ्या. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आणि मग आंबा घाट. सकाळी मार्केटला पोचायचं म्हणजे घाट रात्रीच चढायचा.

मार्चमध्ये ते माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, गाडी घाटात वढत नाय. गचके देते आणि मरते. धा-पंधरा मिन्टं थांबलो की परत चालू होते, जशी काय झालीच नाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. निदानाला लागणारं जवळजवळ सगळं त्या वाक्यात होतं. आम्ही ते ऐकलं, पण त्यातलं आम्हाला पाहिजे तेवढंच घेतलं.

चार वैद्य, चार औषधं

पहिले वैद्य म्हणजे गावातले एक जुने ड्रायव्हर काका. त्यांनी उमेदीत पेट्रोलच्या जीपगाड्या चालवलेल्या. त्यांचं म्हणणं, "पंप तापतो. ओलं फडकं टाका." आता बघा, पेट्रोलच्या गाडीत हे खरं होतं. पेट्रोलचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळायला लागतात. घाटात इंजिन तापलं की नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला वाफ ओढता यायची नाही आणि गाडी बंद. ओलं फडकं टाकलं, दहा मिनिटं थांबलं, की वाफ थंड होऊन गाडी चालू. पण डिझेल उकळायला लागतं ते दीडशे अंशांच्या वर. डिझेलच्या नळीत अशी वाफ धरत नाही. काकांचा अनुभव खरा होता, फक्त तो वेगळ्या गाडीचा होता. पण पुढच्या फेरीला गाडी मेल्यावर मालकांनी फडकं टाकलं, पंधरा मिनिटं थांबले, आणि गाडी चालू झाली! फडकं टाकलं नसतं तरी झाली असती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

दुसरे वैद्य म्हणजे गॅरेजचे मेस्त्री. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला. नंतर नळीत हवा दिसली म्हणून रबरी पाइप बदलले, वॉशर बदलले, एअर काढून दिली. नळीत हवा होती, हे खरं होतं. ती का येते, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याच्याकडे आपण परत येऊ.

तिसरा टप्पा पंपवाल्यांचा. फीड पंप बदलला. मेन पंप आणि नोझल उतरवून कॅलिब्रेशनला दिले. आले, बसवले, ट्रायल घेतली. ट्रायल कुठे? रत्नागिरी ते हातखंबा आणि परत. गाडी रिकामी. गाडी मस्त पळाली. पळणारच. दुखणं भरलेल्या गाडीचं घाटातलं, आणि तपासणी रिकाम्या गाडीची सपाटीवर. पोटात जेवल्यावर दुखतं म्हणणाऱ्या पेशंटला उपाशीपोटी तपासून "काही नाही" म्हणण्यासारखं आहे हे.

त्यानंतर गाडी घाटात पुन्हा मेली. मग चौथा वैद्य आला. चौथा वैद्य मी.

माझी चूक

मी गाडीत बसलो, गॅस दिला, बॉनेटजवळ कान लावला. ऑइल भरायचं झाकण काढलं, तिथून थोडा धूर येत होता. मी म्हटलं, "दादा, वय झालंय. कॉम्प्रेशन गेलंय. लोडवर ओढणार कशी? इंजिन काम करून घ्या."

आता मी काय काय दुर्लक्षित केलं, ते क्रमाने सांगतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. त्या प्रकारच्या इंजिनात हवा वीसपटीहून जास्त दाबली जाते. रिंगा आणि लायनर झिजले की दाब गळतो, हवा पुरेशी तापत नाही. याचा पहिला त्रास कधी होतो? सकाळी, थंड इंजिनला. सेल्फ मारत बसावं लागतं, पांढरा धूर येतो. ही गाडी सकाळी अर्ध्या सेल्फला चालू व्हायची! माझ्यासमोर झाली. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसरं. झीज दहा मिनिटांत बरी होत नाही. रिंग झिजली ती झिजली. थांबल्यावर गाडी परत पूर्ण ताकदीने चालत असेल, तर झीज हे त्याचं उत्तर असूच शकत नाही.

तिसरं, धुराचा रंग. हवा कमी आणि डिझेल जास्त असेल तर काळा धूर येतो. ऑइल जळत असेल तर निळसर. ही गाडी मरताना मालक म्हणायचे, "धूर कमी होतो, मग गचके देते." धूर कमी होतोय याचा अर्थ सरळ आहे : इंजिनला डिझेल पोचत नाहीये. इंजिन उपाशी मरत होतं, आणि मी त्याला म्हातारपण म्हणत होतो.

चौथं आणि सगळ्यात लाजिरवाणं. कॉम्प्रेशन मोजायचं गेज असतं. ते मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो. तासाभराचं काम. ते लावा, असं मी म्हटलं नाही. कारण मला खात्री होती.

वहिनींचं सोनं गहाण ठेवून इंजिन उघडलं. आतमध्ये काय सापडलं? लायनरला झीज होती, रिंगा गेलेल्या होत्या. मेस्त्रींनी मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, "बघा, सांगितलं होतं." (हशा)

हसू नका, इथेच सगळी मेख आहे. पंचवीस वर्षांचं इंजिन उघडल्यावर झीज दिसणार नाही तर काय दिसेल? नवीन गाडीत बिघड शोधायला जा, बहुतेक भाग चांगले असतात, एक वाईट सापडतो, तोच गुन्हेगार. जुन्या गाडीत प्रत्येक भाग थोडाथोडा वाईट असतो. जिथे हात घालाल तिथे काहीतरी सापडतंच. सापडलं ते खरं असतं, पण ते त्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही. पखाल म्हणजे पूर्वी रेड्याच्या पाठीवरून पाणी न्यायची ती चामड्याची पिशवी. आजार रेड्याला, औषध पखालीला. आमची पखालही फाटकीच होती हो, म्हणून तर आम्हाला शंका आली नाही.

इंजिन बांधून होईपर्यंत एप्रिल संपत आला होता. हापूस कुणाची वाट बघत नाही. मधल्या फेऱ्या भाड्याच्या टेंपोने झाल्या.

गाडी बरी झाली, म्हणजे वाटली

इंजिन काम झाल्यावर गाडी दोनदा कोल्हापूरला गेली. दोन्ही वेळा आंबा घाट न थांबता चढली. मालकांनी मला पेढे दिले. मी ते खाल्ले.

मग मे महिन्यात एका व्यापाऱ्याचे पैसे आले. मालक खुशीत. घाटाआधी पंपावर म्हणाले, "आज टाकी फुल कर." पेट्या भरलेल्या, गाडी घाटाला लागली आणि वळणावर मेली.

आता ऐका, इंजिन मरणं म्हणजे फक्त खोळंबा नव्हे. ब्रेकच्या पेडलला जी मदत मिळते ती व्हॅक्यूमची. डिझेल गाडीत तो व्हॅक्यूम इंजिनवर चालणारा छोटा पंप तयार करतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. मालक चालू करायच्या प्रयत्नात दोन-तीनदा ब्रेक सोडत-दाबत राहिले आणि भरलेली गाडी मागे सरकायला लागली. बरोबरच्या मुलाने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला म्हणून थांबली. मागे दरी होती. त्या मुलाचं वय तेव्हा एकोणीस.

दुसऱ्या दिवशी मालक माझ्याकडे आले. भांडले नाहीत. नुसते बसून राहिले. म्हणाले, "विकून टाकतो भंगारात." त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

वहिनींची वही

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काय बघायचं हे मलाही माहीत नव्हतं. वहिनींनी चहा ठेवला आणि एक वही आणून दिली. दूध, किराणा, मजुरी, डिझेल, पेट्या किती, कुठे, सगळं तारखेसह. गाडी बंद पडली की शेजारी लिहिलेलं : "घाटात थांबली." त्या दादांना हिशेब द्यायच्या म्हणून लिहायच्या. आमच्या चौघा वैद्यांपैकी एकानेही ती वही मागितली नव्हती.

कोल्हापूरच्या अकरा फेऱ्या होत्या. पाचांत गाडी थांबली, सहांत नाही. त्या क्षणापर्यंत आम्ही सगळे फक्त थांबलेल्या पाच फेऱ्यांबद्दल बोलत होतो. मी पहिल्यांदा न थांबलेल्या सहा बघितल्या.

थांबलेल्या पाचही फेऱ्यांत डिझेलसमोर लिहिलं होतं "फुल". न थांबलेल्या सहांपैकी चारांत हजाराचं, दीड हजाराचं डिझेल. इंजिन कामानंतरच्या दोन फेऱ्या याच चारांतल्या. टाकी भरायला पैसेच उरले नव्हते! राहिलेल्या दोन फेऱ्यांत टाकी फुल होती, पण गाडी जाताना रिकामी, खत आणायला गेलेली.

म्हणजे हिशेब असा झाला. टाकी फुल आणि गाडी भरलेली, तर थांबते. टाकी अर्धी आणि गाडी भरलेली, थांबत नाही. टाकी फुल आणि गाडी रिकामी, थांबत नाही. डिझेल जास्त असलं की गाडी उपाशी मरते! असं कुठलं दुखणं असतं?

मी विचारलं, "दादा, टाकीचं झाकण मूळचंच ना?"

ते म्हणाले, "नाय. गेल्या दिवाळीच्या दरम्यान रात्रीचं डिझेल चोरलं कुणीतरी. म्हणून लॉकचं बसवलं."

झाकणाचं शास्त्र

आता हे नीट समजून घेऊ. फळ्यावर काढायची गरज नाही.

टाकीतून डिझेल बाहेर गेलं की तेवढी जागा भरायला हवा आत आली पाहिजे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत पडतं, दुसरं भोक पाडलं की धार लागते. घरोघरी माहीत असलेली गोष्ट. गाडीत ते दुसरं भोक झाकणात असतं, बारीकसं, किंवा टाकीला वेगळी श्वासाची नळी असते. या गाडीला ते झाकणातच होतं.

नव्या लॉकच्या झाकणालाही भोक होतं, पण अगदी बारीक आणि आडोशाला. त्यात चिऱ्याची लाल धूळ बसली, तिच्यावर डिझेलचा ओलावा, आणि झाला पक्का लेप. पूर्ण बंद नाही, थोडीशी फट राहिली. ती थोडीशी फट हीच आमची शत्रू, कारण तिच्यामुळे दुखणं कधी दिसायचं, कधी नाही.

सपाटीवर गाडी तासाला चार-पाच लिटर डिझेल खात असेल. तेवढी हवा त्या फटीतून हळूहळू आत जाऊ शकते. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या-पहिल्या गिअरवर दुप्पट-अडीचपट खाते. तेवढी हवा फटीतून येत नाही. टाकीत ओढ तयार होते.

आता टाकी फुल का? समजा साठ लिटरची टाकी. फुल केली, वर हवेला जागा राहिली पाच लिटर. घाटात आत आलेल्या हवेपेक्षा अडीच लिटर डिझेल जास्त बाहेर गेलं. म्हणजे पाच लिटर जागेतल्या हवेला आता साडेसात लिटर जागा व्यापायची आहे. दाब उरला दोन तृतीयांश. ही ओढ केवढी? टाकी पंपाच्या चार मीटर खाली पुरून ठेवली आणि तिथून डिझेल ओढा म्हटलं, एवढी. जुन्या फीड पंपाचा दम संपतो. शिवाय इतक्या ओढीने जुन्या जोडांतून बाहेरची हवा नळीत शिरते. मेस्त्रींना दिसलेली हवा ती हीच!

टाकी अर्धी असेल तर? वर तीस लिटर हवा. तेवढंच अडीच लिटर डिझेल गेलं, तर तीस लिटर हवेला साडेबत्तीस लिटर जागा. ओढ जेमतेम एक मीटरची. पंप ती सहज सोसतो, आणि ओढ वाढेपर्यंत घाट संपतो.

आणि थांबल्यावर गाडी का बरी व्हायची? इंजिन बंद, डिझेल जायचं थांबलं, पण फटीतून हवा येतच राहिली. दहा-पंधरा मिनिटांत दाब भरून निघाला. फडकं, प्रार्थना, बॉनेट उघडणं, सगळं त्या दहा मिनिटांत व्हायचं आणि श्रेय त्याला जायचं.

सिद्ध कसं केलं

इथे मी मागची चूक परत करायची नाही असं ठरवलं. उत्तर सुचलंय, पटतंय, म्हणून ते खरं मानायचं नाही. आधीची चार उत्तरंही पटलीच होती.

पेट्या भरल्या, टाकी फुल केली, मी स्वतः शेजारी बसलो. दिवसा गेलो, आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळे घेतले. घाट अर्धा चढल्यावर धूर कमी झाला, गचके सुरू. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक, चाकाला ठोकळे, मगच उतरलो. झाकणाला किल्ली लावून फिरवलं. सुस्सऽऽ करून हवा आत गेली, दोन-तीन सेकंद आवाज येत होता. हँड प्रायमर मारला आणि गाडी चालू. पंधरा मिनिटं नाही, दोन मिनिटांत.

एवढ्यावर थांबलो नाही. तेच झाकण परत घट्ट लावून पुढे गेलो. थोड्या वेळाने पुन्हा गचके. पुन्हा उघडलं, पुन्हा सुस्स. मग झाकण सैल ठेवून वरून जाड कापड बांधलं आणि राहिलेला घाट चढलो. गाडी थांबली नाही. दुखणं आपल्या हाताने घालवता आलं पाहिजे आणि आपल्या हाताने परत आणताही आलं पाहिजे. दोन्ही जमलं तर निदान. नुसतं गेलं, तर तो कावळाही असू शकतो.

त्या गाडीला योग्य प्रकारचं झाकण काही शे रुपयांना आलं. टाकी उतरवून धुतली. गाडी पुढे कितीतरी हंगाम चालली.

एक सांगतो, हे ऐकून कुणी घरी जाऊन झाकणाला मोठं भोक पाडू नका, आणि कापड बांधून गाडी चालवत राहू नका. आपल्याकडच्या पावसात त्यातून पाणी जाईल, आणि पाण्याने पंप खरोखरच जाईल. ते कापड फक्त चाचणीपुरतं होतं.

यातून मी काय बदललं

1950च्या दशकात अमेरिकेत केप्नर आणि ट्रेगो नावाचे दोन संशोधक होते. हवाई दलातले लोक निर्णय कसे घेतात हे त्यांनी अभ्यासलं, आणि 1965 साली त्यांचं पुस्तक आलं, 'द रॅशनल मॅनेजर'. त्यांची एक साधी पद्धत आहे. कागदावर मधोमध रेघ मारायची. एका बाजूला दोष कुठे, कधी, कशावर दिसतो ते. दुसऱ्या बाजूला कुठे, कधी, कशावर दिसू शकला असता, पण दिसत नाही ते. मग दोन्ही बाजूंत फरक काय, ते शोधायचं. मी हे बरंच नंतर वाचलं. वाचताना मला वहिनींची वही आठवली.

त्यानंतर मुलांना मी पाना हातात द्यायच्या आधी हे करायला लावायचो. गिऱ्हाइकाला विचारा : दुखणं कधी होत नाही? कधीपासून सुरू झालं, आणि त्याच्या आधी गाडीत काय बदललं? या गाडीत शेवटचा बदल होता झाकण. दिवाळीला बदललं, लोड घेऊन पहिला घाट मार्चमध्ये चढला. मधले महिने गेले म्हणून कुणी जोडच लावला नाही.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला. फिल्टर, पाइप, वॉशर एकदम बदलले तर गाडी बरी झाली तरी कशाने ते कळत नाही, नाही झाली तरी काही शिकता येत नाही. आणि तिसरं, खर्चाच्या क्रमाने जा. झाकण उघडायला पैसे लागत नाहीत. गेज लावायला थोडे. इंजिन उघडायला सोनं लागतं.

मेस्त्रींना दोष देऊ नका. गिऱ्हाईक घाई करतं, "काय ते बदला आणि द्या" म्हणतं. तपासायचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, बदललेल्या भागाचे देतो. मेस्त्री दोन तास विचार करून म्हणाला "झाकण बदला", तर आपण त्याला दोनशे रुपये तरी देऊ का? स्वतःला विचारा.

प्रश्नोत्तरं

*श्रोता : सर, आमच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग कधीकधी आखडतं. वळताना गाडी अडकल्यासारखी होते. गिअरबॉक्स उघडा म्हणतात.*

थांबा, उघडू नका. कधी आखडत नाही?

*श्रोता : बागेत, चिखलात काय होत नाय. डांबरीवर आल्यावर होतं.*

आणि बागेतून येताना फोर बाय फोरचा दांडा काढता का? (हशा) बघा, वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापायचं असतं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल नसतो, दोन्ही एकमेकांना बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरतं आणि फरक निघून जातो. डांबरावर घसरत नाही, मग पीळ सगळ्या शाफ्टमध्ये साठतो. गाडी थोडी सरळ मागे घ्या, पीळ सुटेल, मग दांडा काढा आणि डांबरीवर काढलेलाच ठेवा. तरीही आखडली, तर मेस्त्रींकडे जा.

*श्रोता : तुमची चूक झाली म्हणून तुम्ही त्या मालकांना पैसे दिले का?*

विचारलंत ते बरं केलंत. देऊ केले. दादांनी घेतले नाहीत, म्हणाले इंजिन काम कधीतरी करायचंच होतं. वहिनी आतून म्हणाल्या, "आता करायचं नव्हतं." त्यांचं बरोबर होतं. सोनं सोडवायच्या वेळी त्यांनी माझ्याकडून अर्धी रक्कम घेतली, आणि तीही वहीत लिहिली.